सदतिसावं पान

नजर आधी ओळखली, माणूस मागाहून.

सावंगीच्या रस्त्याला हर्षानं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत. लकवा मारून ज्यांची वाचा गेली त्यांना ती तिथे पुन्हा बोलायला शिकवते. ज्यांना बोलणं येतच नाही त्यांच्यासाठी चित्रांचं पुस्तक लागतं. तहान लागली की पेल्यावर बोट ठेवायचं, झोप आली की खाटेवर. ती चित्रं मी काढते. निम्मं आयुष्य मुलांच्या पुस्तकांत कावळे, हत्ती, बाजाराला निघालेल्या आज्या काढल्या, आता म्हाताऱ्यांच्या पुस्तकांत पेले आणि खाटा काढते. त्या सकाळी पिशवी घेऊन आत शिरत होते तर व्हरांड्यातल्या बाकावर एक म्हातारा मांडीवर पेपर पसरून बसला होता. त्याची नजर ओळींवर ठरत नव्हती. शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरावा तशी ती घसरत होती आणि कोपऱ्यातल्या ट्रॅक्टरच्या जाहिरातीवर येऊन टेकत होती. मोठं चाक, लहान चाक, ट्रॅक्टरवरच्या माणसाचा फेटा. हिंमत करून पुन्हा ओळींकडे जाई, पुन्हा घसरे. ही नजर मला पाठ आहे. बेचाळीस वर्षं मी तीच वापरली. अक्षरं दिसत असतात, काळी, गच्च, बोरीच्या काट्यांच्या कुंपणासारखी, आणि पलीकडे कुणाचं तरी हिरवं वावर आहे एवढं कळत असतं. आत शिरता येत नाही. मला त्या म्हाताऱ्याची दया येणारच होती, तेवढ्यात त्यानं मान वर केली. तोंड उजवीकडे ओघळलेलं, पण भुवया त्याच, मधोमध जुळलेल्या, आणि कानाची लांब पाळीही तीच. प्रभाकरराव. दया जिथे यायची तिथे काहीतरी गार आलं, आणि त्याच्या मागून, खोटं कशाला सांगू, गोड.

"या आजी," हर्षा म्हणाली. "हे आपले नवीन पेशंट, प्रभाकरराव सर. लय मोठे लेखक बरं का. साक्षरतेची, पहिलीची, गोष्टींची, किती पुस्तकं! चित्रंसुद्धा स्वतःच काढायचे म्हणे."

"हो का?" मी म्हटलं.

"आता अक्षर ओळखू येत नाई त्यायले. आपलं बोललेलं सगळं समजते. बोलता येत नाई अन् वाचता येत नाई, बस. नशीब पाहा ना आजी."

"पाहून राह्यली," मी म्हटलं.

प्रभाकररावांनी डाव्या हातानं पेपरची घडी घातली. ती नीट पडली नाही. मग ते माझ्याकडे पाहत राहिले, आणि मी त्यांच्याकडे. इतकी वर्षं मी या माणसाशी मनातल्या मनात बोलत आले होते. भाजी निवडताना, रंग घोटताना, ऑटोत बसल्याबसल्या. किती भाषणं तयार केली होती. भर सभेत उठून बोलायचं, हारतुऱ्यांच्या मधोमध. दारात उभं राहून बोलायचं, शेजारपाजार जमवून. प्रत्येक भाषणाच्या शेवटी ते काहीतरी उत्तर देत आणि मी ते तोडून काढी. आता उत्तर द्यायला त्यांच्याकडे जीभच नव्हती. भांडायला गेलं आणि दाराला कुलूप दिसलं, असं झालं. पण कुलपाची किल्ली हर्षानं माझ्याच हातात दिली. चाळीस शब्दांची छापील यादी असते, प्रत्येक पेशंटला तीच. मी ती बोट ठेवून वाचली. अजून बोट ठेवल्याशिवाय मला वाचता येत नाही. पाणी. चहा. संडास. दुखतं. थंडी वाजते. मी. बायको. असं करत करत सदतीस: चूक झाली, माफ करा. अडतीस: आभारी आहे. माझं बोट सदतीसवर थांबलं. हर्षाला वाटलं अक्षर लागलं नाही, तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रभाकररावांनी ते ऐकलं.

आमचं गाव हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या अंगाला. दीड एकरात वांगी, भेदरं म्हणजे टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर करायचो आणि सेलूच्या बाजारात विकायचो. साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा मी तिशीची होते, शालू दहाची. बायकांचा वर्ग दुपारी समाजमंदिरात भरायचा, कारण दुपारी तेवढ्या आम्ही वावरातून मोकळ्या. प्रभाकरराव वर्ध्याहून मोटरसायकलनं यायचे, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या पाट्यांवर एक अक्षर काढून दिलं आणि गिरवायला सांगितलं. माझ्या समोर दार होतं आणि दारात कुणाचीशी बकरी बांधली होती. तिचा एक कान फाटलेला होता आणि त्या फाटक्या कानामुळे ती सगळ्या बकऱ्यांहून वेगळी, जराशी रागीट दिसत होती. मी अक्षर पुसलं आणि बकरी काढली. गुरुजी रागावतील म्हणून हातानं झाकून बसले. त्यांनी माझा हात बाजूला केला. बराच वेळ पाहत राहिले. मग ती पाटी न पुसता रुमालात गुंडाळून सोबत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात एक पाटी कमी होती, ती माझी.

तिच्या बदल्यात मला कागद आला, टाक आला, काळी शाई आली आणि खिडकीजवळची वेगळी जागा आली. गुरुजी वस्तूंची नावं सांगायचे, मी काढायची. कणीस, खुरपं, गाडगं, उखळ, सुगरणीचं घरटं. त्यांच्या मनात नव्यानं शिकणाऱ्यांसाठी पुस्तक करायचं होतं आणि शहरातले चित्रकार खुरपं म्हणून विळा काढतात असं ते म्हणायचे. बाकीच्या बाया माना मोडून गिरवायच्या. शेजारची रुख्माबाई म्हणायची, "मंदे, तू त लाडाची झाली वं! आमी घासू घासू मरून राह्यलो, अन् तू बकऱ्या काढतं. मज्जा हाय बुवा एकाएकाची." मलाही ती मजाच वाटायची. पण वर्ग संपता संपता त्याच रुख्माबाईनं पाटीवर आपलं नाव काढून सगळ्यांना फिरवून दाखवलं, तेव्हा मी टाक खाली ठेवला. मी म्हटलं, "गुरुजी, मले बी शिकवा ना अक्षरं."

"होईल की, मंदा," ते म्हणाले. "घाई काय आहे?"

परीक्षेच्या दिवशी माझा कागद त्यांनीच भरला. गाव साक्षर झालं त्यात मीही मोजली गेले. वर्ग बंद झाला, पण ते येत राहिले, दर पंधरा दिवसांनी, नवीन पुस्तकाची यादी घेऊन. दर वेळी मी विचारायची आणि दर वेळी तेच उत्तर यायचं, त्याच प्रेमळ आवाजात, चहाचा कप खाली ठेवता ठेवता. होईल की. घाई काय आहे? एकदा मी जास्तच मागे लागले तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं आणि समजावून सांगितलं. अक्षरं आली की हात बिघडतो. शिकलेला माणूस खुरपं पाहत नाही, 'खुरपं' हा शब्द पाहतो. तुझ्या रेषेत जे आहे ते अक्षर नसल्यामुळे आहे, मंदा; ते एकदा गेलं की परत येत नाही. मी कित्येक शिकलेले चित्रकार पाहिले आहेत, सगळे मेलेले. हे त्यांनी फार मनापासून सांगितलं. आजही मला कळत नाही त्यांचा त्यावर विश्वास होता की नव्हता. कदाचित होता. तसं असेल तर जास्तच वाईट.

मी मात्र विश्वास ठेवला, आणि नुसता ठेवला नाही, पाळला. लोक उपास पाळतात तसा. एस.टी.ची पाटी समोर आली की मान फिरवायची, ड्रायव्हरच्या तोंडावरून गाडी ओळखायची. भाजी बांधायला रद्दी घेतली तर चित्रांचीच पानं निवडायची. शालू अभ्यासाला बसली की मी तिच्याकडे पाठ करून भाकरी थापायची. ती म्हणायची, "आई, हे पाय ना, माहं अक्षर कसं आलं." मी म्हणायची, "चांगलं आलं, बाई," न पाहता. पोरीचं अक्षर मी अकरा वर्षं पाहिलं नाही. का, तर हात बिघडेल. आता वर्ध्यात ऑटोतून जाताना मी प्रत्येक पाटी वाचते, चष्म्याच्या दुकानाची, ट्यूशन क्लासची, भिंतीवरची मूळव्याधीची जाहिरातसुद्धा, शेवटच्या फोन नंबरापर्यंत. काजल, माझी नात, म्हणते, आजी, तू एवढं काय वाचतं? तिला काय सांगू?

मुंगीचं असं झालं. अगदी पहिल्या चित्रावर, शाई ओली असताना, एक मुंगी चढली आणि कणसाच्या खालून कोपऱ्यापर्यंत बारीक काळी रेघ ओढत गेली. पुसायला गेले तर डाग पडेल, म्हणून रेघेच्या टोकाशी मी मुंगीच काढून टाकली. गुरुजी हसले. मी म्हटलं, "मले नाव नाई लिहिता येत. हे मुंगी म्हंजे मी." ते म्हणाले, "छान." तेव्हापासून प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात मी मुंगी काढत आले, सहा पाय, दोन मिशा, पोट जरा मोठं. पुढे शालूच्या शाळेत ते पुस्तक आलं. चित्रं माझी, पण कोपरे रिकामे. गुरुजी म्हणाले, छापताना बारीक रेघा उडतात, मशीनला मुंगी दिसत नाही. सुगरणीच्या घरट्याचे धागे दिसतात आणि मुंगी दिसत नाही? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. म्हणजे पडला असणार. मी त्याच्याकडेही पाठ केली.

सातवीनंतर शालूला पुलगावला तिच्या आत्याकडे ठेवलं. तिथून ती पत्रं पाठवायची. पत्र आलं की मी ते मिठाच्या बरणीमागे जपून ठेवायची आणि गुरुजी आले की वाचून घ्यायची. गावात वाचणारे पुष्कळ होते, रुख्माबाईसुद्धा अडखळत वाचायची. पण गुरुजींचं वाचणं गोड. ते शालूच्या आवाजात वाचायचे. मी डोळे मिटून ऐकायची. मग मी सांगायची ते उत्तर ते लिहायचे, खाली माझा अंगठा घ्यायचे, पाकीट स्वतः टपालात टाकायचे. एका उन्हाळ्यात शालू घरी आली ती माझ्या कागदांकडे पाहीना. आधी आल्या आल्या विचारायची, काय नवीन काढलं? आता खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मला वाटलं, मोठी झाली, आईची चित्रं कशाला पाहील. तिला काय वाटलं ते मला फार नंतर कळलं.

शालूचे बाबा काविळीनं गेले. वावर दिरानं कसायला घेतलं आणि मी वर्ध्याला शालूकडे आले. ती शाळेत शिकवत होती. गॅसच्या फॉर्मवर मी अंगठा पुढे केला तेव्हा ती चिडली. "आई, तू पुस्तकं काढतं अन् अंगठा देतं? मी शिकवतो तुले."

"नोको वं. हात बिघडते."

"कोणं सांगतलं तुले हे?"

"गुरुजीनं."

तिनं पेन्सिल माझ्या बोटांत धरून दिली, जरा जोरातच. अक्षरं मला तीन महिन्यांत आली. कारण ती सगळी चित्रंच होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक काठी, एक पोट, डोक्यावर एक आडवी वळचण. मी रोज संध्याकाळी अक्षरं गिरवून झाली की भीतभीत एक बकरी काढून पाहायची, फाटक्या कानाची. रोज ती तशीच यायची, रागीट. चौथ्या महिन्यात मी डब्यातून शालूची जुनी पत्रं काढली. दुसरं काही वाचायचं मनात आलं नाही. एकेक पत्र दोन-दोन दिवस लागायचं, पण मजकूर मला आधीच पाठ होता, गुरुजींच्या तोंडून ऐकलेला, म्हणून कुठे अडलं तर पुढचं आठवून मागचं लागायचं. असं पाचवं पत्र वाचताना एका ठिकाणी मला आठवलेला मजकूर पुढे गेला आणि कागदावरचा मजकूर मागेच राहिला. मधे दोन ओळी होत्या ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. 'आई, आमच्या लायब्ररीत गुरुजींची सगळी पुस्तकं आहेत. आत लिहिलं आहे, लेखन आणि चित्रे प्रभाकरराव. तुझं नाव का नाही? मी बाईंना सांगितलं की चित्रं माझ्या आईची आहेत तर सगळे हसले.'

मी ते पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेले. शालू कणीक मळत होती. मी बोट ठेवून तिला त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. माझ्या तोंडून तिनं ऐकलेलं ते पहिलं वाचन. ती म्हणाली, "आता काऊन काढलं ते? तू त तवाच उत्तर देल्लं होतं." मग तिनं ते उत्तर म्हणून दाखवलं. तिला ते तोंडपाठ होतं. 'नावाची हाव धरू नये. तुझ्या आईला ती नाही. असले प्रश्न पुन्हा विचारून मला दुःख देऊ नकोस.' खाली माझा अंगठा. शाईचा पॅड त्यांनी पुढे केला होता, मी त्यावर अंगठा दाबला होता, आणि वर म्हटलंसुद्धा असेल, गुरुजी, चहा घेता ना? शालूचे हात कणकेत तसेच राहिले. मी तिला सांगितलं की हे मी लिहिलं नाही. तिनं मान हलवली. तिनं विश्वास ठेवला हे मला माहीत आहे. पण चौदा वर्षांच्या पोरीला ते पत्र आलं होतं, आणि ती पोर आता तिथे नव्हती. तिला जाऊन सांगायला रस्ता नव्हता. ती अजून पुलगावच्या त्या खोलीत पाकीट फोडून बसलेली आहे, आणि तिची आई तिला म्हणते आहे, पुन्हा विचारू नकोस.

त्याच आठवड्यात मी प्रभाकररावांच्या घरी गेले होते. ते गावाला गेले होते. त्यांच्या पत्नीनं, मोहिनीबाईंनी, चहा दिला. भिंतीवर माझं उखळ काचेत लावलेलं होतं. फळीवर माझ्या जुन्या कागदांची चळत होती. बाई साखर आणायला आत गेल्या तेव्हा मी वरचा कागद घेतला. खालच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका होता, तिळाएवढा, कागदाहून जरा जास्त पांढरा. नखानं खरवडला. पापुद्रा निघाला आणि खाली सहा पाय, दोन मिशा. मी सगळे ठिपके खरवडत बसले नाही. चहा प्याले, कप विसळून ठेवला आणि घरी आले. पुन्हा त्या घराची पायरी चढले नाही. पुढे माझी पुस्तकं माझ्या नावानं निघाली, पंचवीसएक असतील, प्रत्येकात मुंगी छापली जाते. मशीनला ती चांगली दिसते.

आणि आता वीस वर्षांनी मी पुन्हा त्याच घरात, रोज सकाळी दहाला. कारण हे काम नुसत्या पेल्यानं भागत नाही. ज्याची वाचा गेली त्याला कुठलाही पेला चालत नाही, त्याचाच पेला लागतो, त्याच टवक्याचा; नाहीतर तो बोट ठेवत नाही. म्हणून पेशंटच्या घरी जाऊन त्याच्या वस्तूंसमोर बसून काढावं लागतं. मी प्रभाकररावांचा पेला काढला. त्यांची काठी काढली, पोपटी मुठीची. संडासातली धरायची दांडी काढली. ते खुर्चीत बसून पाहत असायचे. माझ्या हाताकडे पाहायचे. हात बिघडला आहे का, हे पाहत असावेत. मी मुद्दाम रेघ एका दमात ओढायची. पेला संपला की कोपऱ्यात मुंगी. ती काढताना कागद जरा त्यांच्याकडे फिरवायची.

मोहिनीबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई तुम्ही आलात. तुमच्या हाताचं त्यांना पहिल्यापासून कौतुक."

"ठाऊक आहे मले," मी म्हटलं.

'मी' या शब्दासाठी पेशंटचं स्वतःचं तोंड काढायचं असतं. ते मी शेवटाकडे ठेवलं होतं, लहान मूल जिलबीचा मोठा वेढा शेवटी ठेवतं तसं. दोन दिवस लावले. खाली आलेला ओठ, तिथून सुटलेली लाळेची रेघ, अर्धवट मिटणारा उजवा डोळा, कानात आलेले पांढरे केस. काही वाढवलं नाही. वाढवायची गरज नव्हती. हर्षानं पाहिलं आणि ती कसनुशी झाली. "आजी, तोंड जरा सरळ काढलं असतं तर? पेशंटले वाईट वाटते."

"मी पाहिलं ते काढते. शब्द नाई पाहत," मी म्हटलं. बोलले हर्षाशी, पण पाहत होते खुर्चीकडे. त्यांनी चित्र हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं, पाटीवरची बकरी पाहिली होती तितकाच वेळ. मग डाव्या बोटानं कागदावरचा ओघळलेला ओठ चाचपला. त्या दुपारी घरी येताना मला जेवणावर वासना नव्हती. मजा यायला हवी होती. आली होती, पण तळाशी काहीतरी खरखरत राहिलं. मी शालूला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, सोडून दे ते काम. दुसरं कोणी काढंल." मी म्हटलं, एकोणचाळीस झाली, एकच राहिलं. ती म्हणाली, कोणतं? मी म्हटलं, सोपं आहे.

पुस्तक द्यायचा दिवस आला. हर्षाच्या खोलीत, सकाळचे अकरा. पानांना प्लास्टिक लावून, स्प्रिंग घालून आणलं होतं. प्रभाकरराव टेबलापाशी बसले होते, मोहिनीबाई बाजूला. ते एकेक पान डाव्या हातानं उलटत गेले. हर्षा विचारायची, "सर, चहा कुठंय?" ते चहावर बोट ठेवायचे. हर्षा टाळ्या वाजवायची. असं करत ते सदतिसाव्या पानावर आले. ते पान कोरं होतं. खालच्या कोपऱ्यात फक्त मुंगी.

त्यांनी पान उलटलं नाही. जन्मभर पुस्तकं केलेला माणूस. कोरं पान चुकून राहिलेलं कोणतं आणि ठेवलेलं कोणतं, हे अक्षरं गेली तरी कळतं. त्यांचं डावं बोट हवेत उचललं गेलं, जिथे काहीच नव्हतं तिथे बुडवल्यासारखं झालं, आणि मुंगीवर टेकलं. पुन्हा उचललं, पुन्हा बुडवलं, पुन्हा टेकलं. पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावे लागतात; एका हातात काळी मुंगी झाकली जात नाही. मग त्याच हाताचा तळवा त्यांनी छातीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. घशातून "मं, मं" असा आवाज निघाला. डोळ्यांना पाणी आलं; एका डोळ्यातलं गालावर उतरलं, दुसऱ्यातलं तिथेच साचलं.

"काय म्हणून राह्यले सर?" हर्षानं यादी काढली. "सदतीस. चूक झाली, माफ करा. अगं बाई, हे राहूनच गेलं आजी! अन् त्यायले नेमकं तेच पाहिजे. पाहा ना कसे पाहून राह्यले. आताच काढून द्या ना, दोन जोडलेले हात. पाच मिनिटांचं काम."

मोहिनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी पदर तोंडाशी नेला. पेन्सिल माझ्या हातातच होती. पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. त्यांचे हात मला पाठ आहेत, पाटीवरून माझा हात बाजूला करणारे, पॅड पुढे करणारे. उजवा आता उचलत नाही, तो मला उचलून काढावा लागला असता. आणि मग त्या हातांवर त्यांनी बोट ठेवलं असतं, हर्षानं टाळ्या वाजवल्या असत्या, आणि ती माफी झाली असती. रेघ माझी, हात माझे, शाई माझी, आणि खाली यांचं नाव. पुन्हा एकदा. वीस वर्षं मी या माफीची वाट पाहिली होती आणि ती समोर येऊन बसली होती, आणि तीसुद्धा मीच काढून द्यायची होती. पुलगावच्या खोलीतली ती पोर मान वर करून पाहत होती, आई काय लिहिते आता.

मी पेन्सिलीचं टोक पाहिलं, ती डबीत ठेवली, डबी पिशवीत ठेवली. मग समाजमंदिरात ऐकला होता त्या आवाजात, प्रेमळ, त्यांच्याच शुद्ध मराठीत, मी त्यांच्याकडे पाहून म्हटलं,

"होईल की. घाई काय आहे?"

हर्षा हसली. "आजी, तुमचं बी काम सरकारी होऊन राह्यलं आता." मोहिनीबाई हसल्या नाहीत. प्रभाकररावांच्या चेहऱ्याचा उजवा भाग हलला नाही. डाव्या भागानं ते अक्षर न् अक्षर वाचलं.